ब्रेकमधली हवा

लग्न होऊन मी या घरात आले त्याला अकरा वर्षं झाली. त्यातली पहिली पाच वर्षं सासऱ्यांशी माझं बोलणं एवढंच होतं : मी म्हणायचं, "मामा, जेवायला वाढलंय," आणि त्यांनी म्हणायचं, "हं." भांडण नव्हतं, राग नव्हता. आमच्याकडं सून आणि सासरा समोरासमोर फार बोलत नाहीत, इतकंच. त्यांना मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना सांगत. मी सासूबाईंना आत्या म्हणते. आत्या भाकरी थापता थापता निरोप पुढं ढकलत. अंतर चार हातांचं, ऐकू सगळ्यांनाच यायचं, तरी निरोप आत्यांच्या तोंडूनच यायला पाहिजे.

मी आष्टी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. माहेर अंबाजोगाईचं, शिक्षणही तिथंच झालं. नवरा पुण्याकडं कंपनीत, महिन्यातून एकदा येतो. त्याची मोटारसायकल घरी नुसती उभी असायची. माझ्या हद्दीत सात वस्त्या, रस्ते दगडगोट्यांचे, स्कुटीची लहान चाकं तिथं टिकत नाहीत. म्हणून मी रिकाम्या रानात नवऱ्याकडून मोटारसायकल शिकले. पहिले काही महिने गावातून जाताना लोक बघायचे. मग त्यांनाही सवय झाली, कारण सुई टोचायला मीच जायची.

मामा बस डेपोत मेकॅनिक होते. चौतीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी ब्रेकच्या कामावर. निवृत्त झाल्यावर ते ओट्यावर बसून असायचे. मी गाडी काढताना आणि लावताना त्यांचं लक्ष असतं हे मला जाणवायचं, पण ते कधी काही बोलले नव्हते.

एका हिवाळ्यात माळावरच्या वस्तीवर जाताना उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि दांडी सरळ मुठीला टेकली. गाडी थांबेना. मागच्या ब्रेकवर पाय रोवून, गिअर उतरवत कशीबशी खाली आले. घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आष्टीला गॅरेजला टाक, तोवर चालवू नको." मी फोन ठेवला तर मामा गाडीपाशी उभे. त्यांनी ब्रेकची दांडी दोनदा दाबली, तिसऱ्यांदा दाबून धरली आणि गाडीकडंच बघत म्हणाले, "हवा हाय."

मग घराकडं तोंड करून, "तिला म्हनावं, गाडीपशी ये."

आत्या आतून ओरडल्या, "समोर उभी हाय की ती! मी कावून मधी?"

मामांनी दांडी सोडली. मग पहिल्यांदाच थेट माझ्याकडं बघून म्हणाले, "दवाखान्यातली सलाइनची नळी हाय का?"

होती. मी ती आणली. त्यांनी पुढच्या चाकाच्या ब्रेकवरची रबरी टोपी काढली. तिच्याखाली एक बारीक पितळी बोंडी होती. तिला ते निपल म्हणत. निपलवर नळीचं एक टोक बसवलं, दुसरं ब्रेक ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवलं, आणि आठ नंबरचा पाना हातात घेऊन चाकापाशी उकिडवे बसले.

"आता दाब. तीनदा. तिसऱ्यांदा दाबून धर. मी सांगस्तोर सोडायचं न्हाई."

मी दाबून धरलं. त्यांनी निपल पाव आटा ढिला केला. हातातली दांडी एकदम खाली गेली आणि नळीतून तेलाबरोबर मोठा बुडबुडा सरकत बाटलीत गेला. त्यांनी निपल आवळला.

"सोड."

असं वीस-पंचवीस वेळा झालं. दाब, धर, सोड. मधे एकदा मी विचारलं, "मामा, थोड्याशा हवेनं एवढं होतं?" तेव्हा ते म्हणाले, "तेल दबत न्हाई, हवा दबते. तू जोर लावती तो सगळा हवा दाबण्यात जातो, चाकापतूर पोचतच न्हाई." एवढं मोठं वाक्य ते माझ्याशी त्याआधी कधी बोलले नव्हते. शेवटी दांडी अर्ध्यातच घट्ट अडली. त्यांनी ती स्वतः दाबून बघितली, हात पुसला आणि ओट्यावर जाऊन बसले.

तेव्हापासून दर दिवाळीनंतर आम्ही दोघं ब्रेकचं तेल बदलू लागलो. काम अर्ध्या तासाचं असायचं, पण एकदा चाकापाशी बसलं की ते बोलायचे. डेपोतल्या गाड्या, ड्रायव्हर, पावसाळ्यात घाटात अडकलेली माणसं. मीही सांगायचे, कोणत्या वस्तीवर बाळंतीण आहे, कोण पोराला टोचू देत नाही. काम संपलं की बोलणं पुन्हा कमी व्हायचं. पण "हं" एवढ्यावर ते मागं कधी गेलं नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचे कान गेले. आयुष्यभर इंजिनांच्या शेजारी उभे राहिलेले, डॉक्टर म्हणाले हे व्हायचंच होतं. नवऱ्याने कानाचं यंत्र आणलं. मामांनी ते चार दिवस घातलं, पाचव्या दिवशी म्हणाले, "भांड्याचा आवाज मोठा येतो, मानसाचा न्हाई." यंत्र डबीत गेलं.

त्या वर्षी ब्रेकच्या कामाला बसलो तेव्हा सगळं बिघडलं. मी "धरलं" म्हणायची, ते त्यांना ऐकू यायचं नाही. ते निपल उघडायचे तेव्हा मी झालं समजून दांडी सोडून दिलेली असायची, आणि हवा बाहेर जायच्या ऐवजी आत ओढली जायची. तीनदा असं झालं. चौथ्यांदा ते अर्धवट उठून माझ्याकडं बघायला लागले आणि त्यांच्या हातातली तेलाची बाटली पेट्रोलच्या टाकीवर कलंडली. ब्रेकचं तेल रंग खातं; मी पाणी आणून धुवेपर्यंत तळहाताएवढा रंग फुगून उडाला. मामांनी पाना खाली ठेवला.

"माझंच चुकतंय," ते म्हणाले. "गॅरेजला ने."

मी गॅरेजला नेली. त्यानंतर ते ओट्यावर बसायचे, पण गाडीकडं पाठ करून.

मागच्या दिवाळीला नवऱ्याने कुरिअरने एक खोकं पाठवलं. आत हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप. पिस्तुलासारखी मूठ, वर काट्याची घड्याळासारखी तबकडी, एक छोटी पारदर्शक बरणी आणि दोन नळ्या. फोनवर तो म्हणाला, "याला दुसरा माणूस लागत नाही. वरून दाबायचं नाही, खालून ओढायचं. तुझी तू करशील."

मला तो पंप बघून नवल वाटलं नाही. उपकेंद्रात नवजात बाळाच्या नाकातोंडातला चिकटा ओढायला आमच्याकडं पायाने दाबायचा पंप आहे. तत्त्व तेच. एका रविवारी सकाळी मी गाडी अंगणात लावली, मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला आणि बसले. मूठ दहा वेळा दाबली, काटा चढला, निपल ढिला केला. तेल बरणीत आलं, त्याच्या मागोमाग बुडबुडे. मी खूश झाले. हँडलवर ब्रेकच्या तेलाचा कप असतो, त्यात तेल कमी झालं की वरून भरायचे आणि पुन्हा ओढायचे. बुडबुडे येतच होते. अर्धा तास झाला, तासही झाला. तेलाची बाटली अर्ध्यावर आली. दांडी दाबून बघितली तर तशीच मऊ, भिजल्या पोळीसारखी.

मामा ओट्यावर होते. कधी वळले मला कळलं नाही. वर बघितलं तर ते माझ्या डोक्यापाशी उभे राहून नळीकडं बघत होते.

"दवाखान्यातलं हाय का हे?"

मी मान हलवून नाही म्हटलं आणि पंपाकडं, मग खोक्याकडं बोट दाखवलं. ते खाली बसले. नळी दोन बोटांत धरून डोळ्यांजवळ नेली. मला खुणेने म्हणाले, ओढ. मी ओढलं. बारीक बारीक, एकसारखे, मोहरीएवढे बुडबुडे नळीतून चालले होते.

"ही आतली हवा न्हाई," मामा म्हणाले. "आतली आसती तर एकदा मोठी, एकदा बारकी, मग बंद. ही बाहेरची हाय. निपल ढिला केला की आट्याच्या फटीतून शिरती आन् तुझं यंत्र तीच ओढतंय. जलमभर ओढली तरी संपायची न्हाई."

मी तासभर अंगणातलीच हवा ओढत होते. मला हसू आलं. त्यांना हसण्याचा आवाज आला नसेल, पण चेहरा दिसला आणि तेही हसले.

नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्यांनी मागितली. निपल पूर्ण काढला, बाहेर आलेलं तेल चिंधीने टिपलं, आट्यांवर टेपचे दोन वेढे दिले, टोकाचं भोक मोकळं ठेवून. परत बसवला आणि बुडाशी बोटाने ग्रीस लावलं. मग म्हणाले, "तू ओढ. मी पाना धरतो."

पंपाला दुसरा माणूस लागत नाही हे खरं होतं. पण मी पंपाची मूठ धरली. मामांनी डावा तळहात वर केला की थांबायचं, खाली केला की ओढायचं, असं आपोआप ठरलं. दोघांचेही डोळे नळीवर. ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आत्या "आता मी बी येते मग" म्हणत आल्या. त्यांच्या हातात तेलाची बाटली दिली. मी सांगितलं, कप रिकामा होऊ द्यायचा नाही. त्या चमच्याने तेल घालू लागल्या. "आमटी आटू देत न्हाई मी, ह्याचं काय घेऊन बसली," म्हणाल्या.

या वेळी मोठा बुडबुडा आला, मग दोन लहान, मग स्वच्छ तेल. निपल आवळून दांडी दाबली. बरीच घट्ट झाली होती, पण शेवटी जराशी लवत होती. मामांनी हँडल वळवून कप सगळ्यात उंच येईल असं केलं, रक्त काढताना दंडाला बांधायची रबरी पट्टी माझ्याकडून घेतली आणि दांडी मुठीशी आवळून बांधली. "उद्यापतूर राहू दे. उरलेली वर चढून कपात जाती." सकाळी पट्टी सोडली तेव्हा दांडी दगडासारखी होती.

त्याच दिवशी माळावरच्या वस्तीवर लसीकरण होतं. वस्तीवरची बरीच घरं ऊसतोडीला निघणार होती. ट्रक त्या दिवशी दुपारी यायचा होता, आणि पोरांचे डोस त्याआधी द्यायचे होते. मी लसींचा निळा डबा मागच्या सीटवर बांधायला लागले, तर मामा टोपी घालून बाहेर आले.

"मी मागं बसतो. ब्रेक मला पाठीत कळतो."

आत्या दारातच थबकल्या. सून गाडी चालवतेय आणि सासरा मागं, असं आमच्या गावात कोणी बघितलं नव्हतं. पण मामा बसलेसुद्धा. डबा त्यांनी मांडीवर घेतला. पारावरून जाताना कोणीतरी ओरडलं, "काय दादा, सुनेच्या मागं?" मामांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी त्या माणसाला हात वर करून रामराम घातला. मी गाडी जरा जोरात काढली.

माळाचा चढ सुरू होण्याआधी एक लांब उतार लागतो. तोच, जिथं माझा ब्रेक पहिल्यांदा गेला होता. मध्यावर मामांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. "दाब." मी पुढचा ब्रेक हळूहळू दाबत नेला. गाडी कुठंही न डगमगता उभी राहिली. त्यांनी पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा थोडं जाऊन थांबलो. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "बरं हाय. चल."

वस्तीवर बायका बोचकी बांधत होत्या. मी समाजमंदिरात टेबल लावून बसले. अकरा पोरं होती. एक बाई पोराला टोचलं की ते रात्रभर प्रवासात रडेल म्हणून तयार होत नव्हती. तिच्याशी बोलण्यात बराच वेळ गेला. शेवटी पोराच्या आजीने पोराला धरून आणलं. बाहेर बघितलं तर मामा उभ्या असलेल्या मोटारसायकलींचे ब्रेक एकेक करून दाबत फिरत होते. गाड्यांचे मालक मागं मागं. कारखान्यावर या गाड्याही बरोबर जातात. एकाची दांडी मुठीला टेकत होती. मामा त्याला म्हणाले, "ही गाडी अशी नेऊ नको." मग मला येऊन म्हणाले, "ते यंत्र आनायला पाहिजे होतं." मी परत घरी जाऊन पंप आणला. ट्रक यायच्या आत त्यांनी दोन गाड्या नीट केल्या. पंप मालकाच्या हातात, पाना मामांच्या हातात.

परतताना डबा पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. माळ संपत आला तेव्हा मागून आवाज आला. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे ते मोठ्याने बोलतात.

"एकदा एक गाडी मी तशीच सोडलती."

मी वेग कमी केला.

"डेपोतली जुनी गाडी, तेलाचा ब्रेक. पहिल्या दाबाला खाली जायचा, दुसऱ्याला लागायचा. हवा होती. मला कळलं होतं. पर मानसं बसलेली, वरून घाई. मी म्हनलं, दुसऱ्याला लागतोय की. सही केली. उतारावर ड्रायव्हरनं गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. एका बाईचा हात मोडला. ड्रायव्हर म्हनला ब्रेक लागला न्हाई. मी म्हनलं, लागत होता. त्याला घरी बसवलं, दोन महिने."

मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी ते गाडीवर सांगितलं. माझा चेहराही त्यांना दिसत नव्हता. मी नुसती हळू गाडी चालवत राहिले. घरापाशी उतरल्यावर त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि हातपाय धुवायला गेले.

चार दिवस मी त्यावर विचार केला. मग एका कागदावर लिहून त्यांच्यापुढं धरलं : ते ड्रायव्हर अजून आहेत का? त्यांनी वाचलं. "हाय. पाटोद्याच्या पुढं, पोराकडं."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. ड्रायव्हरकाका अंगणात सीताफळं निवडत बसले होते. मोठ्या अंगाचा माणूस, आता एका गुडघ्याने अधू. मामांना बघून ते उठायला लागले. मामांनी त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी ब्रेक लागत नव्हता. मला ठाव होतं. मी खोटं बोललो."

ड्रायव्हरकाकांनी माझ्याकडं बघितलं. मी कानाला हात लावून खूण केली. त्यांनी मामांचं मनगट धरून खाली ओढलं आणि त्यांच्या कानाशी, घाटात समोरच्या गाडीला ओरडावं तसं ओरडले, "अरे, मला बी ठाव होतं! सकाळी डेपोतनं काढतानाच पायाला कळलं. मी बी म्हनलं, दुसऱ्याला लागतोय की. मी तरी कुठं गाडी उभी केली?"

मामा त्यांच्याशेजारी पोत्यावर बसले. काकांच्या सुनेने चहा आणला. त्यानंतर दोघं त्या गोष्टीबद्दल काही बोलले नाहीत. कोणता कंडक्टर वारला, कुणाच्या पोराला नोकरी लागली, असलं बोलत राहिले, काका ओरडून आणि मामा त्याहून मोठ्याने. मी सुनेबरोबर सीताफळं निवडू लागले. तिने विचारलं, "भांडतायत का?" मी म्हटलं, नाही.

निघताना काकांनी आमच्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून बघितला, दोनदा. "चांगला हाय," म्हणाले. मामांनी माझ्याकडं हात करून सांगितलं, "हिनं केलाय." पूर्ण खरं नव्हतं ते, पण मी खोडलं नाही. पिशवीभर सीताफळं मामांनी मांडीवर घेतली. पाटोद्याच्या अलीकडं एका झाडाखाली त्यांनी गाडी थांबवायला लावली, त्यातलं एक पिकलेलं फोडलं आणि अर्धं मला दिलं.